अष्टागराची वाट : रेवस ते चरी

अलिबाग तालुक्याचा नकाशा समोर धरला, तर जमिनीचा एक लांबट पट्टा तिन्ही-चारी अंगांनी पाण्याने वेढलेला दिसतो. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला मुंबई बंदराचे पाणी, पूर्वेला धरमतरची खाडी आणि दक्षिणेला कुंडलिकेची खाडी. उत्तरेच्या टोकाला रेवस, दक्षिणेच्या टोकाला रेवदंडा. मधले अंतर सडकेने चाळीस किलोमीटरांच्या आसपास. या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या गावांना जुन्या काळापासून अष्टागर म्हणतात. आठ गावे कोणती असे विचारले, तर प्रत्येक गावचा मनुष्य आपले गाव धरून आठ मोजतो. तथापि आवास, किहीम, थळ, अलिबाग, अक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही नावे बहुतेक याद्यांत आढळतात.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची हजारो माणसे येथे जातात. त्यांना वाटाड्या तीन गोष्टी दाखवतो : किल्ला, देऊळ आणि पुळण. तिन्ही पाहण्यासारख्या आहेत यात शंका नाही. परंतु जाणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारावा अशी माझी विनंती आहे. हे कोणाच्या हातांनी उभे राहिले आणि त्या हातांच्या पदरात काय पडले? हा प्रश्न इतिहासाच्या बाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. मला तो इतिहासातला मुख्य प्रश्न वाटतो. तो बरोबर घेऊन आपण रेवसला उतरू, समुद्राच्या कडेने रेवदंड्यापर्यंत जाऊ आणि परतताना सहसा कोणी वळत नाही अशा एका गावात थांबू.

रेवसचे बंदर

रेवसला पाहण्यासारखे काय, असे अलिबागकरही विचारतात. एक धक्का, गाळाचे पाणी, कोळ्यांच्या होड्या आणि समोर करंजाचा डोंगर. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि लाँचला भरतीची वाट पाहावी लागते. पण मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंतचा हा पाण्याचा रस्ता अष्टागराच्या संसाराचा कणा होता. येथील तरुण गिरणीत, गोदीत, छापखान्यात कामाला जात आणि सणावाराला याच वाटेने घरी येत. येताना बाजारहाट, जाताना तांदळाची पिशवी आणि चार नारळ. मुंबईच्या कामगारवस्तीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे सांगावयास नको.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास रामदास ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या होती आणि सणासाठी घरी निघालेली या भागातली माणसे बोटीत दाटीने भरली होती. पावसाळी समुद्र, वारा आणि लाटा. काशाच्या खडकाच्या आसपास बोट एका बाजूला कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. वाचले त्यांतले काही पोहून, तर काही कोळ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याला लागले. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे एवढ्या मोठ्या शहराच्या दारात घडलेली गोष्ट शहराला कळण्यास कित्येक तास लागले. चार आठवड्यांनी स्वातंत्र्य आले. त्या उत्सवाच्या दिवशी अष्टागरातल्या अनेक घरांत दिवा लावायला मन नव्हते.

आज मुंबईहून मांडव्याला गेटवेवरून लाँच जाते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट माणसे नेणारी रो-रो बोटही चालू आहे. प्रवास सुखाचा झाला ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्याने एकदा रेवसच्या दिशेच्या पाण्याकडे पाहावे. कामावरून घरी जाणारी माणसे तेथे बुडाली आहेत.

पुळण आणि वाडी

मांडव्यापासून सासवणे, आवास, किहीम अशी गावे एका ओळीत लागतात. या गावांची जमीन नीट पाहिली तर तिची रचना ध्यानात येते. आधी पुळण, तिच्यामागे वाऱ्याने रचलेली वाळूची टेकाडे, त्यांच्या आडोशाला नारळ-पोफळीच्या वाड्या आणि घरे, आणि वाड्यांच्या मागे सखल भातशेती. वाळूचे टेकाड ही येथली तटबंदी आहे. ते समुद्राचा मारा अडवते. पावसाचे पाणी त्या वाळूत मुरते आणि साठून राहते, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीला गोडे पाणी लागते. त्या पाण्यावर वाडी जगते. विहिरीवर रहाट बसवून, बैल फिरवून, पाटाने प्रत्येक आळ्यापर्यंत पाणी नेण्याची पद्धत येथे पिढ्यान्‌पिढ्या होती. माड वाढतो तो समुद्राच्या वाऱ्यावर, असे कवीने म्हणावे. वाडीवाला म्हणेल की तो पाणी ओढणाऱ्याच्या खांद्यावर वाढतो.

सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे आणि त्यातच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय. करमरकरांचा जन्म १८९१ साली याच गावी झाला आणि १९६७ साली ते वारले. पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा १९२८ चा पुतळा त्यांचा. तो माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला. इतकी धातू एका वेळी वितळवून साच्यात सोडणे हे मूर्तिकाराइतकेच ओतकाऱ्यांचेही कसब होते. संग्रहालयात राजेरजवाडे आणि पुढारी आहेत, तशीच गावची साधी माणसेही आहेत. आणि सिमेंटात घडवलेली एक म्हैस आहे, जिच्याकडे पाहताना लहान मुले हात पुढे करतात.

किहीम आणि थळ यांच्यामध्ये नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज येथे फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत मूठमाती मिळाली. तेथे त्यांचे स्मारक आहे. या मंडळींनी तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलली, गावांची नावे आडनावांत घेतली : किहीमकर, नवगावकर, चौलकर, रेवदंडकर. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आठवड्याचा एक दिवस विश्रांतीचा, ही त्यांनी धर्म म्हणून सांभाळलेली गोष्ट मुंबईच्या गिरणी कामगाराला १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने रविवारच्या रूपाने मिळाली. या समाजातली बहुसंख्य कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ चे त्यांचे प्रार्थनामंदिर अद्याप आहे.

पाण्यातले दगड

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. मुंबईच्या तोंडावरचे हे बेट हाती असावे म्हणून शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात खांदेरीवर माणसे उतरवली. मायनाक भंडारी याच्याबरोबर सुरुवातीस दीडशेच्या आसपास माणसे आणि चार लहान तोफा होत्या. इंग्रजांनी बेटाभोवती आरमार घातले, नंतर सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजे मोठी व तोफा भारी. पण रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या जोरावर मराठ्यांच्या छोट्या होड्या थळ-नागावकडून दगड, धान्य आणि माणसे घेऊन बेटावर पोहोचत राहिल्या. दिवसा तोफा डागायच्या आणि त्याच दिवसात भिंतीचा थर चढवायचा असे ते बांधकाम झाले. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, परंतु खांदेरी हटली नाही. होडी वल्हवणारे कोळी-भंडारी आणि दगड रचणारे पाथरवट नसते, तर दौलतखानाच्या आरमाराने एकट्याने काय केले असते? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत खांदेरी आहे.

अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला पाहण्यास ओहोटी साधावी लागते. मग पायी जाता येते. बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली सुरू झाले व संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे हे कान्होजी आंग्रे यांचे मुख्य ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. तटाचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकावर एक बसवलेले आहेत. लाट येते, फटीत शिरते, तिचा जोर विरतो आणि पाणी परत जाते. भिंत उभीच राहते. हे गणित ज्या पाथरवटाला सुचले त्याचे नाव कोठे कोरलेले नाही. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावर मात्र इंग्लंडातील यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव स्पष्ट वाचता येते. त्या इंग्रजी अमलातल्या आहेत; १८४० साली आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले.

‘अलिबागहून आलास काय?’ असे मुंबईत चेष्टेने विचारतात. या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून एक जण उच्च न्यायालयात गेला होता. २०१९ साली न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. या चेष्टेला अलिबागने फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने ही मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती वेधशाळा अलिबागला आली. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे एकदम मोजणी चालवून जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळवून घेतला. तेथपासून आजतागायत ही नोंद चालू आहे, आणि जगातल्या शास्त्रज्ञांना तिची गरज लागते.

अक्षीचा लेख, चौलचे विणकर

अलिबागहून दक्षिणेला निघाल्यावर लगेच अक्षी लागते. येथला शिलालेख कित्येक वर्षे रस्त्याकडेला ऊनपाऊस सोशीत उभा होता. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळचा हा लेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा धरला, तर तो मराठीतील सर्वांत जुन्या लेखांपैकी एक ठरतो. काही अभ्यासक त्याला बराच अलीकडचा मानतात. तो वाद तज्ज्ञांचा. मला त्यातला मजकूर महत्त्वाचा वाटतो. राजाच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिले, अशी ती नोंद आहे. आपली भाषा दगडावर चढली ती धान्याचा हिशेब घेऊन. धान्य कोणी दिले आणि कोणाला पोहोचले ते लेखात आहे. पिकवणाऱ्याचा उल्लेख नाही. पुढच्या हजार वर्षांतले बहुतेक दप्तर याच पद्धतीने लिहिले गेले.

नागाव ओलांडून चौलला आले की आपण एका फार मोठ्या बंदराच्या अवशेषांत उभे असतो, हे सांगितल्यावाचून कळत नाही. टॉलेमीच्या ग्रंथात हे बंदर आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्‌ मसूदी येथे आला. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितीन येथेच उतरला; रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. १५०८ साली इजिप्तच्या व गुजरातच्या आरमारांनी चौलच्या पाण्यात पोर्तुगिजांचा पराभव केला, तरी पुढे पोर्तुगिजांनी रेवदंड्याला किल्ला बांधून दोन शतके ठाण मांडले. १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला. आज त्याच्या तटाच्या आत नारळीच्या वाड्या आणि नांदते गाव आहे. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली लोक अजून घरात बोलतात. चौलचे रामेश्वराचे देऊळ, त्यासमोरची पुष्करणी आणि आतील झाकून ठेवलेले पर्जन्यकुंड हेही पाहावे.

पण चौल मोठे झाले ते माग चालवणाऱ्यांच्या जोरावर. येथले रेशमी कापड पोर्तुगीज काळात दूरदूर जाई. खाडी गाळाने भरत गेली, शेजारी मुंबई वाढू लागली, आणि सतराव्या शतकात इंग्रजांनी चौलचे विणकर मुंबईत नेऊन वसवण्याची खटपट सुरू केली. म्हणजे अष्टागरातला कसबी हात मुंबईने ओढून नेण्याची रीत कापडगिरण्यांहून दोनशे वर्षांनी जुनी आहे. बंदर बुडते ते गाळाने, असे आपण वाचतो. हात निघून गेले की ते आणखी लवकर बुडते.

खारेपाट

येथवर प्रवासी येतात आणि परत फिरतात. आपण मात्र अलिबागला येऊन पूर्वेकडे वळू, कार्ले खिंड ओलांडू आणि पोयनाडच्या बाजूला उतरू. येथे पुळण नाही, माड थोडे. सपाट भातजमीन आणि तिच्या टोकाला मातीचा लांबच लांब बांध. पलीकडे धरमतरची खाडी. हा खारेपाट.

ही जमीन माणसाने समुद्राकडून मागून घेतलेली आहे. खाजणात चिखल-दगडाचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीचे दार मोकळे होऊन आतले पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेरच अडते. दोन-चार पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन काढतात, मग तांबडे, खारेपणा सोसणारे भात धरते. बांधाला एक जरी खांड पडली तरी एका उधाणात शेकडो शेते खारी होतात, म्हणून गावाने रात्री-अपरात्री धावून जाऊन ती बुजवायची. बांध एकट्या-दुकट्याचा नसतोच. एकी हा येथे उपदेशाचा विषय नाही, ती पिकाची अट आहे.

अशी जमीन ज्यांनी केली त्यांना तिच्यावर हक्क नव्हता. मालकी खोताची व सावकाराची. पिकाचा अर्धा आणि कधी त्याहून मोठा वाटा त्याच्या कोठारात जाई, शिवाय त्याच्या घरची वेठ. कूळ केव्हाही काढून टाकता येई, कारण ते किती पिढ्या कसते याची कागदावर नोंदच नसे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी गावात सभा भरली आणि पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी ठरवले की, खोताची जमीन कसायची नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. संप सहा वर्षे चालला.

संपाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना सहा वर्षांचा अर्थ कळेल. कारखान्याच्या संपात पहिला महिना उत्साहाचा, दुसरा उसनवारीचा आणि तिसरा भांडणाचा. या लोकांनी डोळ्यांसमोर आपलीच शेते ओसाड पाहिली. लाकडाच्या मोळ्या विकल्या, खाडीत मासे आणि चिंबोऱ्या धरल्या, मिळेल ती मजुरी केली. पण नांगर धरला नाही. ते टिकले याचे कारण मला बांधात दिसते. खांड बुजवायला एकत्र धावण्याची ज्यांना पिढ्यांची सवय, त्यांना संपात फूट पडू न देणे नवीन नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीच्या शेतकऱ्यांच्या परिषदेस आले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोतीपद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलावर गेला. १९३७ सालीच नारायण नागू पाटलांनी ‘कृषीवल’ पत्र सुरू केले. महाडचे सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखी माणसे या कामात होती. जात निराळी, पोट एक, हे ओळखून केलेली ही चळवळ होती. १९३९ साली सरकारने कूळकायदा केला आणि संप मिटला. १९४८ चा मोठा कूळकायदा, १९४९ चा खोतीनिर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानणारा कृषक दिन, ही सारी वाट चरीवरून गेली आहे. शाळेच्या पुस्तकात कायद्यांची कलमे असतात. मोळ्या विकणारी बाई त्यांत नसते.

आजची खांड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अष्टागर पाहायला जाणारा आज तेथे जमीनही पाहतो. वाड्या तोडून बंगले झाले आहेत, वाळूची टेकाडे सपाट झाली आहेत, आणि विंधनविहिरींनी गोडे पाणी इतके उपसले की जागोजाग खारे पाणी आत सरकू लागले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर धीर न निघणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक उभे असते. खारेपाटात बांधांची निगा सरकारकडे गेली. १९४८ आणि १९७९ असे खारजमिनींचे दोन कायदे झाले, पण बांधाची डागडुजी वेळेवर होत नाही. खांड पडते, जमीन खारी होते, तिच्यावर तिवरे उगवतात, आणि मग कागदावर ती नापीक ठरते. चारशे-पाचशे लोकांनी मिळून राखलेली जमीन अशी एकेकट्याच्या हातून जाते.

विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पोराचे शिक्षण, मुलीचे लग्न, म्हाताऱ्याचे औषध हे सारे ज्या शेतीतून निघत नाही ती त्याने कोणासाठी धरून ठेवावी? बांध वेळेवर दुरुस्त व्हावा, टेकाडांना हात लागू नये, वाडीच्या मालाला भाव मिळावा, एवढे झाले तर बहुतेक जण विकणार नाहीत. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याच्या माळा विकणाऱ्या बायकांच्या हाती दोन पैसे अधिक पडू लागले. उपाय आहेत. ते एकट्याने होणारे मात्र नाहीत.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत अष्टागरात अवश्य जा. खांदेरी पाहा, कुलाब्याच्या तटावर बसा, रेवदंड्याला नारळपाणी प्या. दिवस हाताशी उरला तर पोयनाडची गाडी धरून चरीला उतरा आणि खाडीच्या बांधावरून थोडे चाला. तेथे तिकीट नाही, फलक नाही, आणि पाहण्यासारखे म्हणाल तर एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला भरतीचे पाणी, एवढेच आहे. मध्ये हातभर रुंदीची माती. तिच्यावर कोणी काम केले ते तेथल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. तो तुम्हांला बसवून सांगेल.